आठ गुंजांचा मासा

"महामुनी, तुमचा काटा जरा माझ्याकडं फिरवा," निकम गुरुजी म्हणाले आणि त्यांनी काखेतली लाकडी पेटी आमच्या सोनारी दुकानाच्या गादीवर ठेवली.

पेटीवर हायस्कूलचा शिक्का होता. गुरुजींनी झाकण उघडलं. आत खाचांमध्ये पितळी वजनं बसवलेली, थोराड वजनांपासून ते चिमट्यानंच उचलता येतील अशा पत्र्याच्या तुकड्यांपर्यंत. मी मागच्या दारात परातीत रिठ्याच्या कोमट पाण्यात एक जुना हार घासत बसले होते. माझे यजमान, विश्वनाथ महामुनी, गादीवर होते. त्यांनी पेटीकडं पाहिलं आणि ते हसले. पण ते गिऱ्हाइकाला दाखवायचं हसू होतं. बायकोला तेवढं ओळखता येतं.

शेर-छटाक मोडीत निघून किलो-ग्रॅम आले त्या सुमाराची ही गोष्ट. अख्खी पेठ गांगरली होती. भाजीवाल्या पावशेर म्हणून तोलायच्या आणि कुणी अंगावर आलं की ग्रॅम म्हणायच्या. आनंदात होते ते एकटे निकम गुरुजी. त्यांनी शाळेच्या भिंतीवर कोष्टक रंगवून घेतलं होतं, आणि रस्त्यात कुणी भेटलं की त्याला उभं करून तोळ्याचे ग्रॅम करायला लावायचे. लोक त्यांना लांबून पाहून गल्ली बदलत. माणूस मात्र सरळ. कुणाची चूक काढली तर ती पुसूनही द्यायचे.

आमच्या दुकानात तोळ्याची वजनं पितळेची होती, पण तोळ्याच्या खालचं सगळं गुंजांवर चालायचं. गुंज म्हणजे रानातल्या वेलीची लाल बी, एका टोकाला काळा ठिपका असलेली. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. माशाचं पितळी वजनही होतं, पण ते हे वापरत नसत. "पितळ झिजतं, वहिनी. गुंज झिजत नाही. हे देवाघरचं वजन," असं हे प्रत्येक बाईला सांगायचे, आणि बाई मान डोलवायची. मीसुद्धा डोलवायची. लग्न होऊन आले तेव्हापासून मला ह्यांच्या त्या वाक्याचा अभिमान होता.

"काय तोलायचंय, गुरुजी?" ह्यांनी विचारलं.

गुरुजींनी धोतराच्या सोग्यातून फडक्यात बांधलेल्या पाटल्या काढल्या. त्या आम्हीच घडवल्या होत्या. गुरुजींच्या आईचे जुने गोठ आटवून त्यांच्या धाकट्या बहिणीसाठी केलेल्या. तिचं लग्न तोंडावर आलं होतं.

"चार तोळे एक मासा. माझ्यासमोर तोलून दिल्यात तुम्ही," गुरुजी म्हणाले. "सोयऱ्यांशीही तेवढंच बोललोय. ते लोक देणंघेणं तोलून घेणारे आहेत. म्हणून म्हटलं आधी ग्रॅममध्ये किती भरतात ते पाहून ठेवू."

"मग?"

"सत्तेचाळीस ग्रॅम आणि वर त्रेसष्ट शतांश भरायला हव्यात. हायस्कुलात तोलल्या तर त्रेसष्टच्या जागी तेहतीस भरतात. सकाळपासून तीनदा तोलल्या." गुरुजी खाली मान घालून बोलत होते. त्यांनाच लाज वाटत होती. "तीस शतांश कमी. म्हणजे अडीच गुंजा."

"गुरुजी, तुमचा हिशेब पुस्तकातला."

"पुस्तकातला आहे हे खरं. म्हणून तर तुमच्या काट्यावर आलो."

त्यांनी स्वतःच पाटल्या एका पारड्यात ठेवल्या आणि दुसऱ्यात पेटीतली वजनं एकेक करून चढवली. काटा हलला, डुलला आणि स्थिर झाला. मी हार पाण्यात सोडून पाहत राहिले होते. गुरुजींनी वजनांची बेरीज पुटपुटत केली. तेहतीसच.

गुरुजींची चार वर्षांची छबू त्यांच्याबरोबर आली होती. तिला मोठ्यांच्या बोलण्याचा कंटाळा आला, तशी ती माझ्याजवळ उंबऱ्यावर येऊन बसली. मी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तिनं विचारलं, "चणे नाहीत?" मी म्हटलं, "नाहीत गं बाई. पुढच्या वेळी आणून ठेवीन."

"गुंजेवर तोललंय मी," हे म्हणाले. "गुंज म्हणजे बी आहे. एखादी बारकी, एखादी मोठी. तुमच्या ग्रॅमसारखी कारखान्यातली नाही."

"मान्य," गुरुजी म्हणाले. "मग असं करू. पाटल्या राहू द्यात. तुमचा मासाच या वजनांनी तोलू. ज्या आठ गुंजा त्या दिवशी घातल्या होत्यात, त्याच घाला. त्यांचे जेवढे ग्रॅम भरतील तो तुमचा मासा. मग फरक कुठं पडला ते दोघांनाही दिसेल."

यात नाही म्हणण्यासारखं काहीच नव्हतं. ह्यांच्या उजव्या गुडघ्याजवळ एक छोटी पितळी डबी कायम असायची, तोलायच्या गुंजांची. ती त्यांनी उचलली. झाकण उघडायला गेले आणि हात सटकला. डबी उडून खाली पडली आणि गुंजा टपटप वाजत गादीखाली, उंबऱ्याकडं, माझ्या परातीपर्यंत घरंगळल्या.

केसाएवढी तार ओढणारा तो हात. तो सटकलेला मी कधी पाहिला नव्हता. मी उठायला लागले तर हे म्हणाले, "राहू दे गं. उचलू नकोस. नंतर बघू." मग गुरुजींना म्हणाले, "सगळ्या गुंजा सारख्याच हो. थैलीतल्या काढतो."

खुंटीवर गुंजांची मोठी थैली टांगलेली होती. तिच्यातून त्यांनी आठ काढल्या आणि गुरुजींच्या तळहातावर ठेवल्या. "तुम्हीच घाला."

गुरुजींनी एकेक गुंज पारड्यात सोडली. पलीकडं चिमट्यानं पत्र्याचे तुकडे ठेवत गेले. शेवटचा तुकडा ठेवला आणि काटा सरळ उभा राहिला. गुरुजी बराच वेळ त्याच्याकडं पाहत होते.

"सत्त्याण्णव शतांश," ते म्हणाले. "पुस्तकातल्या माशाएवढा. चोख आहे तुमचा मासा."

"मग झालं तर."

"पण मग पाटल्या—"

"मोठी वजनं बघा की तुमची," हे म्हणाले. आता त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "पोरांचे शाईचे हात लागून कीट चढलंय. वजन जड झालं की माल हलका दिसतो. बारकी वजनं चिमट्यानं उचलतात, म्हणून ती अजून खरी आहेत."

गुरुजींनी मोठं वजन डोळ्यांजवळ नेलं. खरंच त्याच्या कडेला काळं बसलं होतं. ते पेटीत ठेवून त्यांनी पाटल्या फडक्यात गुंडाळल्या, आणि ह्यांच्यापुढं हात जोडले.

"माझी चूक झाली, महामुनी. संशय घेतला मी. मनात ठेवू नका."

"अहो, चूक कसली? अगं, गुरुजींना चहा टाक."

मी आत गेले. मला इतकं बरं वाटत होतं की साखर जास्तच पडली. नवऱ्यावर कुणी बोट ठेवावं आणि दोन मिनिटांत त्याच माणसानं हात जोडावेत. चहा उकळेपर्यंत मी मनातल्या मनात शेजारच्या चार जणींना ते सांगूनही टाकलं होतं.

कपबशा घेऊन बाहेर आले तेव्हा छबू गुरुजींच्या गुडघ्याशी उभी होती.

"बाबा, हे चणे फुटतच नाहीत."

"कुठले चणे?"

"लाल चणे. मग मी गिळले."

गुरुजींनी तिचं तोंड उघडून आत बोट फिरवलं. तोंडात काही नव्हतं. गुंज विषारी असते हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. ज्यांच्याकडं गुरं आहेत त्यांना तर नाहीच नाही.

"किती खाल्लेस? छबू, किती?"

तिनं एका हाताची पाचही बोटं पुढं केली. पण वय विचारलं तरी ती पाच बोटंच दाखवायची. दुसरा हात तिनं पोटाशी धरला होता.

गुरुजींनी तिला खांद्यावर टाकलं आणि ते अनवाणीच निघाले. डॉक्टर मुजुमदारांचा दवाखाना आमच्या आळीच्या तोंडाशी होता. हे त्यांच्यामागं धावले. जाताना त्यांचा चेहरा दिसला मला. ओठांत रक्त नव्हतं. मी म्हटलं, लेकरासाठी जीव तुटतोय. मला त्या क्षणी नवरा फार चांगला वाटला होता, हेही सांगून टाकते.

मी मागं राहिले ती उरलेल्या गुंजा वेचायला. किती गेल्या ते कळायचं तर किती उरल्या ते बघायला हवं. गादी उचलली. खाली एक सापडली. दुसरी उंबऱ्याच्या फटीत होती. आणखी कुठंच दिसेना. मग परातीकडं लक्ष गेलं. हार बाजूला केला तर रिठ्याच्या फेसात एक पडलेली.

ती मी बोटांत धरली आणि काळा ठिपका नखाला लागून सुटून आला.

गुंजेचा ठिपका सुटत नाही. तो तिच्या अंगाचाच असतो. मी ती उजेडात धरली. ठिपक्याच्या जागी भोक होतं, टाचणीच्या टोकाएवढं, आणि आत बी पोखरलेली. नखाला लागलं होतं ते चोळून पाहिलं. लाख होती, काजळी मिसळून काळी केलेली. पोकळ गोठांत लाख भरायचं काम माझंच असायचं. लाख मला डोळे मिटूनही ओळखता येते. दुसऱ्या दोन्ही गुंजांना नख लावून पाहिलं. त्याही तशाच.

मी खाली बसले. दागिना घडवून द्यायच्या वेळी पारड्यात कुठल्या गुंजा पडत होत्या ते कळलं. आठ गुंजा म्हणायचं आणि साडेपाचांचं सोनं द्यायचं. अडीच गुंजांची तूट. निकम गुरुजींचा हिशेब काडीमात्र चुकला नव्हता. डबीही सटकली नव्हती. ती सटकवली होती.

एवढा राग आला की डोळ्यांपुढं दिसेना. देवाघरचं वजन म्हणे. आणि मग त्या रागातच दुसरी गोष्ट उमगली, आणि मी उठून पळत सुटले. लेकरानं गिळल्या होत्या त्या गुंजा अख्ख्या नव्हत्या.

दवाखान्याच्या पायरीशी पोचले तर आतून डॉक्टरांचा हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, बरंच असेल मग. दारात उभी राहिले. छबू बाकावर पाय हलवत बसली होती. डॉक्टर तिचं पोट दाबून पाहत होते.

"घाबरू नका, गुरुजी," डॉक्टर म्हणत होते. "गुंजेचं विष आत असतं. वरचं कवच दगडासारखं टणक. फुटलं नाही तर बी जशीच्या तशी बाहेर पडते. चावून फोडली का गं एखादी?"

छबूनं मान हलवली. "फुटतच नाहीत."

"मग झालं. बिया अख्ख्या होत्या ना पण? भोक पाडलेल्या, माळेतल्या वगैरे नव्हेत?"

"छे, छे," गुरुजी म्हणाले. त्यांना अजून धाप लागत होती. "आत्ताच आठ तोलल्या आम्ही. मी स्वतः हातात घेऊन घातल्या. एकेक नव्यासारखी. महामुनींचा मासा अगदी चोख आहे, डॉक्टर. त्यांना विचारा."

डॉक्टरांनी ह्यांच्याकडं पाहिलं.

हे भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टरांनी त्यांचं गप्प राहणं होकार धरलं आणि कागद ओढून औषध लिहायला घेतलं. "एरंडेल द्या आज. दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. घरी घेऊन जा."

तेवढ्यात ह्यांची नजर माझ्यावर पडली. मग माझ्या मुठीवर. मी मूठ छातीशी धरली होती. ह्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांना कळलं की मला कळलंय.

मी बोलणार होते. पायरी चढतानाच ठरवलं होतं. पण डॉक्टरांची लेखणी चालत होती, गुरुजींनी अजून छबूला उचललं नव्हतं, आणि मला वाटलं, ह्या माणसाला एक श्वासभर वेळ द्यावा. ह्यानं स्वतः सांगावं. मी सांगितलं तर लेकरू वाचेल, पण मग ह्या माणसाबरोबर मला उभा जन्म काढता यायचा नाही. मी त्यांच्याकडं नुसतं पाहत राहिले.

डॉक्टरांनी कागद फाडला. गुरुजी लेकीला उचलायला वाकले.

"डॉक्टर," हे म्हणाले. "त्या अख्ख्या नाहीत."

"काय?"

"छबूनं खाल्ल्या त्या थैलीतल्या नव्हेत. डबीतल्या. त्या मी पोखरल्यात. सुईनं. वरून लाख भरलीय."

डॉक्टर उठून उभे राहिले. "कधी खाल्ल्या? अर्धा तास झाला का? किती होत्या?"

"एक मासा."

"मासा-बिसा मला कळत नाही. बिया किती?"

"आठ," हे म्हणाले. "आठच केल्या होत्या."

मी मूठ उघडून डॉक्टरांपुढं धरली. "तीन सापडल्या."

"म्हणजे पाच पोटात." डॉक्टर आत ओरडून पाणी आणि मीठ मागायला लागले. त्यांचा हसरा चेहरा कुठल्या कुठं गेला होता. "लाख पोटात सुटायच्या आत बाहेर काढल्या पाहिजेत. गुरुजी, धरा तिला. घट्ट धरा."

गुरुजी हलले नाहीत. ते ह्यांच्याकडं पाहत होते. त्यांचे ओठ हलत होते, शाळेत फळ्यापुढं उभे राहून मनात बेरीज करताना हलायचे तसे.

"अडीच," ते म्हणाले.

एवढंच. मग त्यांनी लेकीला मांडीवर घेतलं आणि तिचे खांदे धरले.

पुढचं मला नीट सांगवत नाही. मिठाचं पाणी, छबूचं रडणं, उलटी, पुन्हा पाणी. मी पितळेचं घमेलं धरून बसले होते आणि प्रत्येक उलटीनंतर त्यात बोटं घालून शोधत होते. पहिली आली. मग दोन एकदम. हे माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसले होते. गुंज आली की धुऊन ते उजेडात धरत आणि सांगत, "लाख आहे." पुढची आली. ती त्यांनी कितीतरी वेळ धरून ठेवली.

"बोला," डॉक्टर म्हणाले.

"हिची लाख गेली."

गुरुजींनी डोळे मिटले.

"पाचवी?" डॉक्टरांनी विचारलं. पाचवी येईना. पोरीच्या पोटात पाण्याखेरीज काही उरलं नव्हतं. ती हिरवी-पांढरी पडली होती आणि बाबांना बिलगत होती. डॉक्टरांनी पुन्हा पाणी पाजलं. पुन्हा नुसतं पाणीच आलं. "साताऱ्याला न्यायला लागेल," ते म्हणाले, "एकीतलं विष तर उतरलंच असेल. आणखी एक आत असली तर कठीण आहे. आधी एक सुई देतो. हात धरा हिचा."

उजवा हात गुरुजींच्या गळ्यात होता. डावा तिनं पोटाशी आवळलेला, आमच्या दुकानातून निघाल्यापासून. मला वाटलं होतं पोट दुखतंय म्हणून. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. घामानं आणि गुळानं चिकट झालेल्या तळहातावर एक गुंज होती.

"ही बाहुलीची आहे," छबू रडत म्हणाली. "टिकली लावायला."

ह्यांनी हात पुढं केला तर तिनं मूठ पुन्हा मिटली. ती गुंज तिच्याकडून मी घेतली. माझ्याकडची एक सौभाग्याची टिकली तिच्या बाहुलीसाठी देईन म्हणाले, तेव्हा दिली तिनं.

"आठ," डॉक्टर म्हणाले. "चला, गाडी काढतो."

साताऱ्याच्या दवाखान्यात छबू फार आजारी पडली. जिची लाख सुटली होती तिनं आपलं काम केलंच होतं. पोरीच्या अंगातून रक्त जाई. हे दवाखान्याबाहेर झाडाखाली बसून असत. गुरुजी आत-बाहेर करत, ह्यांच्यासमोरून जात, पण एक शब्द बोलले नाहीत. मीही ह्यांच्याशी बोलत नव्हते. डबा नेऊन द्यायची, रिकामा आणायची. एकदा ते म्हणाले, "सगळेच करतात गं, कुणी थोडं, कुणी जास्त." मी डबा तिथंच ठेवून परत फिरले. त्यानंतर तसं ते पुन्हा म्हणाले नाहीत.

छबू वाचली. हाडांचा सापळा होऊन घरी आली, पण आली. डॉक्टर म्हणाले, अख्ख्या समजून घरी पाठवली असती तर मी काही सांगू शकलो नसतो.

गावाला एवढंच माहीत होतं की निकम गुरुजींच्या मुलीनं सोनाराच्या दुकानात गुंजा खाल्ल्या. गुरुजींनी कुणाला काही सांगितलं नाही, डॉक्टरांनीही नाही. दुकान चालू होतं. लोक येऊन ह्यांना म्हणत, "बिचाऱ्या तुम्हाला किती मनस्ताप." हे मान खाली घालून हातोडी चालवत राहायचे. तोलायची वेळ आली की मला हाक मारायचे.

मग एका सकाळी गुरुजी आले. बरोबर बहिणीचे सासरे आणि आणखी दोन सोयरे. गुरुजींच्या हातात हायस्कूलची पेटी नव्हती. नुसत्या पाटल्या.

"सोयऱ्यांना तोलून हव्यात," गुरुजी म्हणाले. "चार तोळे एक मासा बोललोय. तोला."

त्या पाटल्या कमी होत्या हे दुकानात तिघांना ठाऊक होतं, आणि सोयऱ्यांना नव्हतं. खरं तोललं तर सोयऱ्यांपुढं गुरुजी खोटे पडणार. खोटं तोललं तर कुणाला काही कळणार नाही, गुरुजींचं लग्नघर निभावेल, आमचं दुकानही. गुरुजींनी कुठलीच बाजू सांगितली नव्हती. ते गादीच्या कडेला बसले आणि काट्याकडं पाहत राहिले.

ह्यांनी पाटल्या पारड्यात ठेवल्या. चार तोळ्यांची वजनं ठेवली. थैलीतल्या गुंजा काढून एकेक घालत गेले. सहावी घातली आणि पारडं खाली गेलं. गुंज त्यांनी परत उचलली.

"साडेपाच," हे म्हणाले. "अडीच गुंजा कमी."

सासऱ्यांनी गुरुजींकडं पाहिलं. "काय हो, मास्तर?"

"ह्यांचा दोष नाही," हे म्हणाले. "ह्यांच्या आईचं सोनं पुरेपूर होतं. मी मासा पोखरून ठेवला होता. खोट्या गुंजांवर तोलून दिल्या ह्यांना पाटल्या. छबूनं खाल्ल्या त्या त्याच."

आळीतली माणसं पायरीशी थबकली होती. शेजारच्या दुकानातली हातोडी थांबली. ह्यांना ते दिसत होतं. तरी त्यांनी सगळं सांगितलं, सुई कशी लावायची तेसुद्धा. मी आत जाऊन माझ्या कानातली एक कुडी काढली आणि आणून पारड्याजवळ ठेवली. ह्यांनी कात्रीनं तिचा तुकडा तोडला, पाटल्यांशेजारी टाकला, आणि उरलेल्या गुंजा घातल्या. काटा सरळ झाला.

"आम्ही दुसरीकडं तोलून घेतो," सासरे उठत म्हणाले.

"बसा," गुरुजी म्हणाले. "इथंच तोललंय. हेच वजन."

त्या दिवसापासून आमच्याकडचं गिऱ्हाईक आटलं ते आटलंच. कारागिरी हातात होती म्हणून हे दुसऱ्या सराफांची घडाई करून देऊ लागले. कुणाचं सोनं तोलायची वेळ क्वचित यायची. येत राहिले ते एकटे निकम गुरुजी. छबूचे पैंजण, बायकोची फुली, काहीतरी असायचंच. तोलायच्या आधी ते हात पुढं करायचे, हे त्यांच्या तळहातावर गुंजा ठेवायचे, आणि गुरुजी एकेक गुंज उलटी करून तिच्या काळ्या ठिपक्याला नख लावून बघायचे. एकही सोडायचे नाहीत. तेवढा वेळ हे हात बांधून बसायचे. आधी मला तो अपमान वाटायचा. पुढं पुढं कळलं, ह्यांचा चेहरा दिवसभरात तेवढ्याच वेळी निवांत असतो.

गुरुजी गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी छबू तिच्या लग्नाचं मंगळसूत्र तोलून घ्यायला आली. तेव्हा पेठेत कुणाकडं गुंजा उरल्या नव्हत्या. सगळीकडं ग्रॅमच होते, आमच्याकडंही. ह्यांनी ग्रॅमची पेटी पुढं ओढली तशी ती म्हणाली, "त्या नकोत, काका. आमच्या घरचं गुंजांवर."

हे उठून थैली घेऊन आले. हात आता म्हातारे झाले होते. त्यांनी आठ गुंजा मोजून तिच्या तळहातावर ठेवल्या आणि हात बांधून बसले. छबूनं एकेक उलटी केली, एकेकीला नख लावलं. घाई केली नाही. शेवटची पाहून झाली तेव्हा तिनं मान वर केली.

"आठही अख्ख्या आहेत, काका," ती म्हणाली. "तोला."